गादी तुझी, फरशी माझी!

३,४९९ रुपये. प्लस डिलिव्हरी चार्जेस. फ्रीलान्सरच्या बजेटमध्ये हा आकडा म्हणजे छोटासा भूकंपच. तरीही २०२४ च्या एप्रिलमध्ये मी भिडूसाठी गादी मागवली. मेमरी फोम, धुता येणारं कव्हर, कडेने उशीसारखा लोड... साइटवरच्या फोटोत त्या गादीवर एक गोल्डन रिट्रीव्हर असा काही पहुडला होता, की मलाच तिथे जाऊन झोपावंसं वाटलं!

भिडू म्हणजे माझा लॅब्रॅडॉर. तेव्हा वय सहा, वजन चौतीस किलो, आवडता छंद दुसऱ्याच्या ताटात बघणे. गादी आली. त्याने ती चारी बाजूंनी हुंगली, वर चढला, गोल गोल तीन फेऱ्या मारल्या, माझ्याकडे एक नजर टाकली... आणि खाली उतरून शेजारच्या टाइल्सवर धप्पकन आडवा झाला. चारी पाय पसरून, हनुवटी जमिनीला टेकवून. गादीपासून बरोब्बर दीड फूट लांब.

तुमच्या घरी कुत्रा असेल तर हा सीन तुम्हाला पाठ असेल. मग सुरू होतात थिअरीज. रूममेट म्हणाली, नव्या फोमचा वास आवडला नसेल. एक मित्र म्हणाला, लॅबना ॲटिट्यूड असतोच. आणि एका मैत्रिणीने फोनवर सहज सांगितलं, ‘अगं, तू दिवसभर बाहेर असतेस ना, तो रुसलाय तुझ्यावर.’

हे मात्र लागलं. कारण खरं सांगू? गादी मी मागवली तीच मुळी गिल्टपोटी. सकाळी नऊला बाहेर पडायचं, रात्री आठला परत यायचं, डेडलाइन असेल तर दहालाही. मधल्या काळात तो बिचारा दाराकडे तोंड करून बसलेला. आपली पिढी अपराधीपणा ऑनलाइन शॉपिंगने धुऊन काढण्यात एक्स्पर्ट आहे. त्यात त्याने गिफ्टच नाकारल्यावर मी पंधरा दिवस जाम अपसेट होते. रोज रात्री त्याला उचलून (चौतीस किलो!) गादीवर ठेवायचं, आणि रोज सकाळी तो फरशीवर.

मग मे उजाडला आणि आम्ही दोघं खामगावला गेलो.

घाटावर, घाटाखाली

आमचं घर खामगावचं. बुलडाणा जिल्हा ज्यांनी फक्त लोणारचं सरोवर, सिंदखेडराजा किंवा शेगावच्या निमित्ताने पाहिलाय, त्यांना एक गोष्ट सांगायला हवी. या जिल्ह्याला दोन हवामानं आहेत. अजिंठ्याच्या डोंगररांगेवरचं बुलडाणा शहर, चिखली, मेहकर हा भाग म्हणजे ‘घाटावर’. बुलडाणा हे विदर्भातलं थंड हवेचं ठिकाण, असं घाटावरचे लोक आजही ऐटीत सांगतात. आणि मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव, जळगाव जामोद हा पूर्णेच्या खोऱ्याकडचा पट्टा म्हणजे ‘घाटाखाली’. काळी माती, कापूस, आणि मे महिन्यात अंगावर येणारी ती झळ. पुण्याहून गाडीने येताना चिखली सोडून घाट उतरलो की काच खाली करायचीही हिंमत होत नाही. हेअर ड्रायर तोंडावर धरल्यासारखं वाटतं.

त्यात २०२४ चा मे. महिन्याच्या शेवटी शेजारच्या अकोल्यात पारा ४५ च्या वर गेला आणि जिल्हाधिकाऱ्यांनी चक्क उन्हासाठी कलम १४४ लावलं! आमच्याकडेही काही वेगळं नव्हतं. दुपारी बारा ते पाच रस्त्यावर माणूस दिसत नव्हता.

मी गादी सोबत नेली होती. हो, गाडीच्या मागच्या सीटवर घालून. पोचल्या पोचल्या माजघरात ती अंथरली आणि भिडूला त्यावर बसवायला लागले. आजी उंबऱ्यात बसून आंब्याचा रस काढत होती. तिने हात थांबवले.

‘काऊन व माय, ह्या उन्हाळ्यात त्या बिचाऱ्याले गादीवर निजवतं? त्याले का हीव लागून रायलं का?’

मास कॉमची डिग्री, पाच वर्षांचा फीचर रायटिंगचा अनुभव, आणि एवढा साधा प्रश्न माझ्या डोक्यात पंधरा दिवसांत आला नव्हता. आजी स्वतः गेली कित्येक वर्षं दुपारी उघड्या शहाबादी फरशीवर, डोक्याखाली नुसता हात घेऊन झोपते. तिला कुणी विचारत नाही की बाई, तू कुणावर रुसलीस?

भिडूचा नकाशा

पुढचे तीन दिवस मला दुसरं काम नव्हतं. मी भिडूच्या मागे मागे फिरले, अक्षरशः वही घेऊन. त्याचा दिवस असा होता. सकाळी सातला ओसरी, जिथे रात्रीचा गारवा उरलेला असतो. दहाला ऊन ओसरीवर चढलं की बैठकीच्या दाराशी, जिथून वाऱ्याची झुळूक येते. बाराला माजघर. एकनंतर माठाच्या तिवईखाली, कारण माठ पाझरतो आणि खालची फरशी ओलसर राहते. दोननंतर न्हाणी. आणि संध्याकाळी आईने अंगणात पाणी शिंपडलं की तो पहिला बाहेर, ओल्या मातीवर पोट टेकवून.

त्याहून इंटरेस्टिंग गोष्ट म्हणजे तो एका जागी फार वेळ टिकत नव्हता. वीस-पंचवीस मिनिटांनी उठायचा, दोन फूट सरकायचा, पुन्हा धप्प. तो उठला की मी त्या जागी हात लावून बघायचे. फरशी कोमट! कुणी नुकतंच उठून गेलेल्या खुर्चीसारखी. म्हणजे तो अंगातली उष्णता फरशीला देत होता, आणि ती ‘भरली’ की पुढची फरशी घेत होता.

यामागचा फंडा सोपा आहे. कुत्र्याच्या शरीराचं नॉर्मल तापमान १०१ ते १०२.५ फॅरेनहाइट, म्हणजे आपल्यापेक्षा जास्तच. आपल्याला गरम झालं की अंगभर घाम येतो, तो वाळतो, आपण गार होतो. कुत्र्याकडे ही सोय जवळजवळ नाहीच. घाम आणणाऱ्या त्या ग्रंथी त्याच्या फक्त पंजांच्या गाद्यांना असतात, आणि तेवढ्याने काही होत नाही. त्याच्याकडे मुख्य उपाय दोन. एक, जीभ बाहेर काढून धापा टाकणं. दुसरा, एखाद्या गार वस्तूला अंग चिकटवणं.

पोट आणि जांघांवर केस विरळ असतात. म्हणून तो तो भाग जमिनीला लावतो. मागचे दोन्ही पाय बेडकासारखे मागे सोडून झोपलेला कुत्रा तुम्ही इन्स्टावर ‘सो क्यूट’ म्हणून लाइक केला असेल. तो क्यूट दिसायला नाही, तर जास्तीत जास्त पोट फरशीला लागावं म्हणून तसा पडलेला असतो. थंडीत हाच कुत्रा नाक शेपटीखाली घालून जिलेबीसारखा गोल होतो, तेव्हा हिशोब नेमका उलटा असतो. उष्णता वाचवायची असते.

आणि गादी? गादी म्हणजे कापूस किंवा फोम, म्हणजेच आत अडकवून ठेवलेली हवा. ती उष्णता जाऊच देत नाही. थंडीत आपण गोधडी घेतो ती याचसाठी. दगड मात्र अंगातली उष्णता कित्येक पटींनी वेगाने ओढून घेतो. मे महिन्यातली फरशी आपल्या हाताला काही बर्फासारखी लागत नाही. पण ती बत्तीस-तेहेतीस अंशांवर असेल आणि कुत्रा साडेअडतीसवर, तर सौदा फायद्याचाच. त्यातही मेमरी फोम अंगाभोवती साचा धरतो, म्हणजे उष्णता बाहेर जायला बाजूनेही वाट नाही. ३,४९९ रुपयांत मी लॅब्रॅडॉरसाठी थर्मास विकत घेतला होता!

आमच्या गल्लीत एक काळा गावठी कुत्रा आहे. त्याला तर फरशीही नको. कडुनिंबाखाली पंजांनी वीतभर माती उकरतो आणि त्या खळग्यात पोट घालून पडतो. वरचा तापलेला थर बाजूला केला की खालची माती गार आणि किंचित ओलसर असते. पुण्यात बांधकामाच्या वाळूच्या ढिगावर, किंवा पार्क केलेल्या गाडीखाली झोपणारी कुत्री हेच करतात. आणि एटीएमच्या दाराखालून एसीची हवा बाहेर येते, तिथे आडवा पडलेला तो नेहमीचा भिडू... त्याला सिक्युरिटीवाले काका काठीने हुसकावतात आणि आपण त्याला ओलांडून पैसे काढायला जातो. मी तरी जायचे. आता बाजूने जाते.

जीभ नावाचा कूलर

विदर्भातल्या माणसाला धापा टाकण्याचं शास्त्र समजावणं सोपं आहे, कारण त्याच्या प्रत्येक खिडकीत ते घरघरत असतं. कूलर! वाळ्याच्या ताट्यांवर पाणी सुटतं, त्यातून कोरडी हवा खेचली जाते, पाण्याची वाफ होते आणि हवा गार होते. कुत्र्याची ओली जीभ, तोंड आणि नाकाचा आतला भाग म्हणजे ताट्या, आणि त्याचे फटाफट श्वास म्हणजे पंखा. बस्स.

आता कूलरचा वीक पॉइंटही आमच्याकडे शेंबड्या पोराला माहीत असतो. पहिला पाऊस पडला, हवा दमट झाली की कूलर गार करत नाही, नुसतं चिकचिक करतो. दुसरं म्हणजे कूलर लावला की समोरची खिडकी उघडी हवी. खोली बंद केली तर तीच ओली हवा फिरत राहते. कुत्र्याच्या जिभेलाही हे दोन्ही नियम जसेच्या तसे लागू आहेत. हवा दमट असेल, तर तो कितीही धापा टाको, वाफच होत नाही.

पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या जातींचा तर कूलरच मुळात छोटा. २००३ च्या ‘हच’च्या जाहिरातीत एका मुलाच्या मागे मागे फिरणारा तो पग आठवतोय? त्यानंतर आपल्याकडे घरोघरी पग आले. गोड दिसतात, शंका नाही. पण त्यांची श्वासाची वाटच अरुंद, त्यामुळे उन्हाळ्यात ते सर्वांत आधी हाशहुश करतात. हस्कीबद्दल मी न बोललेलंच बरं. सायबेरियाच्या बर्फासाठी घडलेला कुत्रा वन बीएचकेमध्ये आणून त्याला दिवसभर एसीत कोंडायचं, यात कुणाची हौस भागते ते उघड आहे. माझा लॅब्रॅडॉर तरी कुठला? मूळचा कॅनडाच्या न्यूफाउंडलंडकडचा, थंडगार पाण्यातून मच्छीमारांची जाळी ओढणाऱ्या कुत्र्यांचा वंशज. अंगावर दुहेरी केसांचा कोट. आणि मी त्याला घेऊन आले होते घाटाखाली, मे महिन्यात.

हे सगळं इतकं सविस्तर सांगायचं कारण चौथ्या दिवशी घडलं.

ती दुपार

दुपारचे तीन वाजले असतील. आमरस-पोळीचं जेवण अंगावर आलेलं. झळ आत येऊ नये म्हणून सगळी दारं-खिडक्या लावलेल्या, कूलर सुरू. सगळे माजघरात आडवे. न्हाणीचं दारही कुणीतरी लावून घेतलेलं होतं. भिडू माझ्या पायाशी फरशीवर होता. दीडएक तासाने लाइट गेली, तरी कुणाला जाग आली नाही.

मला जाग आली ती आवाजाने. भिडू धापा टाकत होता, पण नेहमीसारखा नाही. एकदम जोरात, खरखरीत. मी डोळे किलकिले करून पाहिलं. फरशीवर पडलाय, म्हणजे ठीक आहे, असं मला वाटलं. तीन दिवस वहीत लिहून मी एवढंच शिकले होते ना, की फरशीवर आहे म्हणजे मस्त गारवा घेतोय. मी कूस बदलली.

दहा मिनिटं गेली असतील, कदाचित जास्त. त्या दहा मिनिटांचा हिशोब मी अजून करते.

मग लक्षात आलं की तो सरकत नाहीये. तीन दिवस दर वीस मिनिटांनी जागा बदलणारा भिडू दुपारभर एकाच फरशीवर होता. मी त्या फरशीला हात लावला, तर ती तापलेली. त्याच्या तोंडातून दोरीसारखी घट्ट लाळ लोंबत होती. हिरड्या लालभडक. मी हाक मारली तर त्याने शेपूट हलवली नाही. उठायला गेला आणि मागचे पाय फाकले.

माझी आरडाओरड ऐकून सगळे उठले. मी फ्रिजकडे धावले, बर्फ काढला, ओला टॉवेल आणून त्याच्या अंगावर पांघरला. मोठ्या बाबांनी तो टॉवेल एका झटक्यात ओढून फेकला. ‘झाकू नको त्याले! हवा लागू दे!’ त्यांनी आणि बाबांनी मिळून त्याला उचलून मागच्या परसात सावलीत नेलं. बाबांनी नळाची नळी लावली, तर पाणी म्हणजे चहाचं आधण. गच्चीवरची काळी टाकी दिवसभर उन्हात तापलेली! तेवढ्यात आजी आतून आली. तिच्या हातात पिण्याचा माठ होता. तिने तो अख्खा माठ भिडूच्या पोटावर, पायांवर, मानेवर रिकामा केला. मग दुसरा. मग आईने हौदातून बादल्या आणल्या. मोठे बाबा सुपाने वारा घालत होते. माझ्या हाताला काम नव्हतं, म्हणून मी नुसती रडत होते.

दहाएक मिनिटांनी त्याने मान उचलली. मग गाडीत घातलं, काचा उघड्या ठेवल्या, आणि वाटेतही अंगावर पाणी टाकत दवाखाना गाठला. तिथे ताप मोजला तेव्हा १०४ होता, आणि हा एवढं पाणी ओतल्यानंतरचा.

डॉक्टर शांत माणूस. सलाइन लावता लावता त्यांनी आमची शाळा घेतली. आधी पाणी टाकलं आणि मग निघालात, हे बरं केलंत, म्हणाले. बरेच लोक घाबरून कुत्र्याला तसाच गाडीत घालतात आणि वाटेतला अर्धा तास तो आतून शिजत राहतो. शरीराचं तापमान १०५-१०६ च्या पुढे गेलं की नुसता ताप राहत नाही, आतड्यांना, किडनीला, मेंदूला इजा व्हायला लागते. ओला टॉवेल पांघरला की खालची वाफ कोंडते, कूलरची खिडकी बंद केल्यासारखीच. पाणी अंगावर सोडायचं आणि वारा घालायचा. शुद्धीत असेल तर प्यायला थोडं थोडं द्यायचं, घशात ओतायचं नाही. आणि कुत्रा उठून चालायला लागला म्हणून घरी बसायचं नाही, कारण किडनीचा आणि रक्त गोठण्याचा त्रास नंतरच्या एक-दोन दिवसांतही दिसू शकतो. भिडूचं रक्त त्या दिवशी तपासलं आणि दोन दिवसांनी पुन्हा. सुदैवाने रिपोर्ट नॉर्मल आले.

मला वाटायचं उष्माघात म्हणजे उन्हात पार्क केलेली बंद गाडी. तशा घटना घडतातच. पण ब्रिटनमध्ये व्हेटकंपास नावाच्या प्रकल्पातून शेकडो दवाखान्यांतल्या नोंदी तपासून २०२० मध्ये जो अभ्यास आला, त्यात सर्वांत मोठं कारण निघालं व्यायाम. उन्हात फिरवणं, पळवणं, बॉल फेकणं. ऑफिसमुळे सकाळ हुकली म्हणून अकरा वाजता ‘पटकन एक राउंड’ मारणाऱ्यांनी हे वाचून ठेवावं. मी त्यांच्यातलीच. आणि आमच्या घरात तर ना ऊन होतं ना व्यायाम. बंद खोलीतली ओली हवा, पाच माणसांचे श्वास आणि थांबलेला कूलर. जीभ चालेना, आणि फरशी भरलेली. न्हाणीचं दार बंद, म्हणून पुढची फरशीही नाही.

फरशी तीच, कारण वेगळं

पुण्याला परतल्यावर मी गादी गुंडाळून कपाटावर टाकली. जून ते ऑक्टोबर भिडू टाइल्सवर मजेत. रात्री कधी हॉल, कधी माझ्या पलंगाजवळ, कधी मेन डोअरपाशी. पूर्वी मला हे ‘बेचैन’ वाटायचं. पण कुत्र्यांची झोपच तुकड्या-तुकड्यांची असते. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रात्रीच्या वेळी कुत्री सरासरी सोळा मिनिटं झोप आणि पाच मिनिटं जाग अशा चक्रात आढळली. आठ तासांत वीसपेक्षा जास्त वेळा जाग! दाराशी झोपण्यात त्याचा पहारा होतो, आणि पलंगाजवळ झोपण्यात सोबत. यात रुसवा कुठेच नाही, उलटंच आहे.

मात्र डिसेंबर आला. पुण्यात पहाटे चांगलीच थंडी पडली, तरी साहेब फरशीवरच. यावेळी मी वही काढली नाही, पण बघत राहिले. तो आता पूर्वीसारखा गोल फिरून बसत नव्हता, एकदम पडायचा. उठताना आधी पुढचे पाय, मग थांबा, मग मागचे. टाइल्सवर मागचा पाय घसरायचा. एक्स-रे काढला तेव्हा कळलं, खुब्याच्या सांध्याची झीज सुरू झाली आहे. मोठ्या जातींमध्ये, विशेषतः लॅब्रॅडॉरमध्ये, हा त्रास बराच दिसतो. म्हणजे आता त्याला मऊ जागेची गरज होती, आणि तो थंडगार फरशीवर झोपत होता!

का? कारण माझ्या त्या भारी गादीत तो रुतायचा. फोममध्ये पाय घुसला की उठायला जास्त जोर लागतो, आणि कडेचा लोड ओलांडणं तर दुखऱ्या खुब्याला नकोच. कोपरांवर फरशीने घट्टे पडले होते, ते मी लॅबचं वयच आहे म्हणून सोडून दिलं होतं. सहा वर्षांचा कुत्रा, आणि म्हणे वय!

यावर उपाय म्हणून मी आधी काय केलं असेल? शॉपिंग साइट उघडली. तिथे ‘एलिव्हेटेड कूलिंग कॉट’ नावाची वस्तू दिसली. चार पायांची चौकट, मध्ये ताणलेली जाळी, खालून हवा खेळते, रुतायला होत नाही. किंमत बघून फोटो बाबांना पाठवला. बाबांचं उत्तर एका शब्दाचं होतं, ‘बाज.’ खरंच की! आमच्या अंगणात अशा दोन पडल्या आहेत, नवारीच्या. पण बाजेवर चढायला उडी मारावी लागते, म्हणून तीही बाद.

शेवटी कपाटावरची गादी काढली आणि ती मी घेतली. लॅपटॉप मांडीवर घेऊन काम करायला बेस्ट आहे, हा लेखही तिच्यावर बसूनच लिहितेय. भिडूच्या येण्याजाण्याच्या वाटेवर रबरी मॅट टाकल्या, म्हणजे पाय घसरत नाही. वजन डॉक्टरांच्या धाकाने तीन किलो उतरवलं. आणि आजीने तिच्या दोन जुन्या लुगड्यांची एक गोधडी शिवून पाठवली. पातळ, पण घट्ट, जमिनीलगत, ना लोड ना फोम.

२०२५ च्या मेमध्ये आम्ही पुन्हा खामगावला गेलो. निघण्याआधी मी फोन करून तीन गोष्टी सांगितल्या. न्हाणीचं दार दुपारी लावायचं नाही. कूलर सुरू असताना परसाकडची खिडकी उघडी ठेवायची. आणि झोपताना कुणीतरी एकाने अलार्म लावायचा. ‘सांगू नको मले,’ आजी फोनवर म्हणाली, ‘मी कुठी झोपतो दुपारी.’ (झोपते. घोरते सुद्धा.)

गोधडी न्हाणीच्या दाराशी अंथरली. भिडू आला, हुंगून पाहिलं, आणि अर्धा अर्धा झोपला. खुबा गोधडीवर, पोट आणि पुढचे पाय फरशीवर. वीस मिनिटांनी उठला, थोडा सरकला, पुन्हा तसाच. आजी शेजारी फरशीवर आडवी होती. तो सरकला की तीही थोडी सरकायची.